वड्यांवरची तार

छतवाल्या काकूंइतकी भांडकुदळ बाई रायपूरच्या अख्ख्या ब्राह्मणपाऱ्यात झाली नाही. हिंदी बोलणारी पोरंही त्यांना ‘छतवाली काकू’ म्हणत, कारण त्या घरात कमी आणि छतावर जास्त असत. कोहळ्याच्या वड्या उन्हात वाळत घालायच्या, काठी घेऊन राखण करायची आणि खालून जाणाऱ्याशी वरूनच भांडायचं, हा त्यांचा दिनक्रम.

गल्लीत फायबरचं नेट आलं, तेव्हा खांब आणि आमचं घर यांच्या मधे नेमकं त्यांचं छत. तारवाला तार ओढून गेला आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी ती अडकित्त्याने कापली. तारेवर कावळे बसतात आणि वड्यांवर घाण करतात, ही तक्रार. खरी होती, नाही म्हणत नाही. पण म्हणून कापायची? तारवाला परत आला, तर त्यालाही काठी दाखवली.

घरी चांगलं नेट असेल तरच माझं पुण्याचं ऑफिस घरून काम करू देणार होतं, नाहीतर पुणे गाठा. आणि आईला रायपूर सोडायचं नव्हतं. हे सगळं काकूंना सांगायला गेले. त्या वड्या उलटत, मान हलवत नुसतं ‘हव, हव’ म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “सिनेमे पाहाले पाह्यजे तुले तार. मले समजते सगळं, पोट्टे.” मी तणतणत जिना उतरले आणि बोलणंच टाकलं.

शेवटी पुण्याला जायला सामानाचा ट्रक लागला, तेव्हा काकू वड्यांचा डबा घेऊन खाली आल्या. “तारेपायी घर सोडून राहिल्या तुम्ही?” त्यांनी आईला विचारलं. मी तोंड फिरवलं. डबा आईने घेतला. पुण्यात त्या वड्यांची भाजी झाली. मेल्या वड्या चांगल्या होत्या, त्याचाही मला राग आला.

परवा, वर्षभराने, काकूंचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. त्यांनी स्वतः तारवाल्याला बोलावून छताच्या कडेला उंच बांबू लावून घेतला होता. त्यावरून तार नेऊन आमच्या बंद खिडकीशी गुंडाळून ठेवली होती.

“वड्या सरकवल्या मी तिकडं. आता या तुम्ही. आईले सांग तुह्या.”

त्या वेळी हे सुचलं असतं तर काय बिघडलं असतं, बाई? मी चांगलं खडसवायला तोंड उघडलं. पण घर आम्ही गेल्या महिन्यात विकलं. घेणारा अजून राहायला आलेला नाही, म्हणून काकूंना त्याचा पत्ताच नव्हता.

मी नुसतं ‘हव, हव’ म्हणत राहिले.