नकाशावरचे दोन चौकोन

पाच वाजताच्या कॉलला मी कॅमेरा बंद ठेवून बसले होते. तोंडही बंदच ठेव, असं सरांनी, म्हणजे माझ्या बॉसने, दुपारीच सांगितलं होतं. सहाला फाइल छापखान्यात जायची होती.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या छोट्या कंपनीत शाळांच्या भिंतींवर लावायचे मोठे फलक तयार होतात. एका शाळेला जगभरच्या आदिवासी समाजांवरचे फलक हवे होते, आणि त्यातला ओजिब्वे समाजाचा माझ्याकडे आला. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठचे हे लोक. त्यांच्यातल्याच एक निवृत्त शिक्षिका मजकूर तपासणार होत्या. मी मनात त्यांना बाई म्हणायचे. बाईंची संमती नसेल तर शाळा फलक घेणार नव्हती.

त्याच आठवड्यात गुरुवारी माझं प्रोबेशन संपत होतं. कन्फर्म झाले तर कंपनी माझा व्हिसा काढणार होती. तोवर मी बाबांच्या व्हिसावर होते, आणि बाबांची नोकरी दोन महिन्यांत संपणार होती. नंतर ते आणि आई पुण्याला जाणार होते. मला जायचं नव्हतं. माझा जन्म शारजाचा, दुसरीकडे कुठे मी राहिलेलेच नाही.

महिनाभर मी वाचत होते. फार पूर्वी हे लोक पूर्वेला, खाऱ्या समुद्राच्या काठी राहत. पाण्यावर अन्न उगवतं तिथपर्यंत पश्चिमेकडे चालत जा, असं त्यांना सांगितलं गेलं. सात ठिकाणी मुक्काम करत, कित्येक पिढ्यांनी ते सरोवरांपाशी पोचले. तिथे उथळ पाण्यात रानभात उभा होता. अजूनही दोघं जण होडीतून तो काढतात. एक लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा हातातल्या दोन काठ्यांनी लोंब्या होडीत वाकवून झोडतो. काही दाणे पाण्यात पडतात, तेच पुढचं बी. नंतर सरकारशी करार झाले, बरीचशी जमीन गेली. पण शिकार, मासेमारी आणि हा भात काढण्याचा हक्क त्यांनी करारांमध्ये राखून ठेवला.

हे सगळं मी नीट लिहिलं होतं. बाईही म्हणाल्या, मजकूर चांगला आहे. मग त्या नकाशाकडे वळल्या. त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजले होते, हातात कॉफीचा मग होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"पूर्वेकडच्या या चौकोनात 'मायभूमी' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या सरोवरावर 'सध्याचं निवासस्थान'. हे वाचून आम्ही तिथे भाड्याने राहतो असं वाटतं. कुणी ठरवलं हे?"

"डिझायनरकडून चुकून गेलं, मॅम," सर म्हणाले. "छोटंसं लेबल आहे. डिजिटल आवृत्तीत बदलून टाकू."

"डिझायनरने रंग दिले असतील. शब्द कुणी ठरवले?"

सरांचा मेसेज माझ्या स्क्रीनवर आला, मराठीत. 'गप्प राहा. मी बघतो.'

"हे आमचं घर आहे हे आमच्या लोकांना कोर्टात उभं राहून सांगावं लागलंय," बाई म्हणाल्या. "त्या शाळेतली मुलं बरोबर उलटं शिकणार."

काचेच्या केबिनमधून सर माझ्याकडेच बघत होते. मी माईक चालू केला.

"मी ठरवलं," मी म्हणाले.

"का?"

मला एकच उत्तर माहीत होतं. "इथे प्रत्येक फॉर्मवर दोन चौकोन असतात. एकात आपल्या देशातला पत्ता, दुसऱ्यात इथला. मी लहानपणापासून तसेच भरत आलेय. नकाशासुद्धा तसाच भरला."

"तू कुठे राहतेस?"

"शारजात. जन्मापासून."

"आणि पहिल्या चौकोनात काय लिहितेस?"

"मामाचा पत्ता. पुण्याचा."

"तिथे राहिली आहेस?"

"सुट्टीत."

त्या हसल्या नाहीत. "तुझ्या फॉर्मचं तू बघ. आमच्या नकाशावर पूर्वेला लिही, 'इथून निघालो'. सरोवरावर लिही, 'मायभूमी'. छापायच्या आधी. नाहीतर माझी संमती नाही."

कॉल संपला तसे सर बाहेर आले. "तीन महिन्यांत तुझ्या तोंडून 'गुड मॉर्निंग सर'च्या पुढे एक शब्द ऐकला नव्हता. आजच कंठ फुटायचा होता?"

"सॉरी सर."

"सॉरी काय, सॉरी. बदल आधी." त्यांनी छापखान्याला फोन लावला. "हबीबी, एक तास दे. फक्त एक."

पलीकडून इन्शाल्ला आलं. त्याचा अर्थ होकार घ्यायचा की नकार, ते सरांनाही कळलं नसावं, कारण पेन ड्राइव्ह घेऊन त्यांनी मलाच टॅक्सीने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला पाठवलं. छापखान्यातला माणूस शटरजवळ उभा होता. "खलास, मॅडम, मशीन बंद करतोय," तो हिंदीत म्हणाला. मी नुसती पेन ड्राइव्ह पुढे धरून उभी राहिले. त्याने घड्याळ बघितलं, ड्राइव्ह घेतली. नमुना निघाल्यावर मी दोन्ही चौकोन तीनदा वाचले आणि सही केली.

गुरुवारी सरांनी बोलावलं. बाईंची संमती आली होती, शाळेने फलक घेतला होता. "पण मॅमसमोर तू मला खोटं पाडलंस," ते म्हणाले. प्रोबेशन तीन महिने वाढवल्याचं पत्र टेबलावर होतं.

संध्याकाळी बाबांच्या गाडीत, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये, मी त्यांना सांगितलं. पुढची गाडी हलल्यावर त्यांनी आपली थोडी पुढे घेतली.

"मामाला फोन करून ठेवतो," मग म्हणाले. "ती मागची खोली रिकामी करायला सांगतो."

"नको. उद्यापर्यंत थांबा."

"उद्या काय होणारे?"

"विचारते सरांना."

"तू?" बाबांनी माझ्याकडे नीट वळून बघितलं. मागच्याने हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते रात्री कागदावर लिहून काढलं होतं, तो कागद डेस्कवरच राहिला.

"सर, दोन महिन्यांनी बाबांचा व्हिसा संपतो. प्रोबेशन चालू असलं तरी कंपनी माझा व्हिसा काढू शकते. मी एचआरला विचारलंय."

"विचारलंस पण?" सर खुर्चीत मागे रेलले. "मॅमनी ईमेलमध्ये लिहिलंय, पुढचं काही असेल तर त्या मुलीशीच बोलेन म्हणून. आता तुला ठेवावंच लागणार. व्हिसाचा फॉर्म भर जा."

फॉर्म ऑनलाइन होता. पहिला चौकोन मी रिकामा ठेवला आणि पुढे जायचं बटण दाबलं. चौकोन लाल झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. मग मी मामाचा पत्ता लिहिला आणि फॉर्म पुढे गेला.