बारा महिन्यांची गॅरंटी

माझ्या मोठ्या मामांनी आयुष्यात कागदाशिवाय एकच गोष्ट घेतली असेल, ती म्हणजे जन्म. आणि तोही पत्रिका हातात पडल्यावरच त्यांनी खरा मानला असावा. अमरावतीला घर, शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग, डोक्याला लाल फेटा आणि कोटाच्या आतल्या खिशात लोकांनी लिहून दिलेल्या हम्यांची जुडी. कुंभाराकडून रांजण घेतला तरी ‘दोन उन्हाळे पाणी गार राहील’ असं लिहून घेत. कुंभाराला लिहिता येत नसे, मग मामा स्वतःच लिहीत आणि त्याचा अंगठा उठवत. विहिरीचा मुहूर्त काढून देणाऱ्या जोशीबुवांकडेही त्यांनी ‘पाणी लागेल’ असा कागद मागितला. “अहो, पाणी देवाच्या हातात,” जोशीबुवा कळवळून म्हणाले. “मंग दक्षिना बी त्यालेच देतो,” मामा म्हणाले आणि उठले.

असा माणूस मोटार घेतो म्हटल्यावर काय होणार! वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि आमच्या आळीत मोटार कोणाकडेच नव्हती. अकोल्याच्या एका मोटारवाल्याने बारा महिन्यांची छापील गॅरंटी दाखवली आणि मामा तिथेच विरघळले. मोटारीचा रंग कोणता, हे त्यांनी घरी आल्यावर पाहिलं. त्या मोटारवाल्याशी पुढे असा घरोबा जमला की चार महिन्यांत त्याच्या मुलाशी माझ्या मामेबहिणीची, शांतेची, सुपारी फुटली. मुलगा शिकलेला, मवाळ. शांता खूश, मामी खूश. मोटारीवर तर मामांचा जीव बैलजोडीएवढा. पोळ्याला तिला बेगड लावून ओवाळलं. रोज संध्याकाळी ती घरी आली की गडी आणि मी धक्का मारून तिची पुढची चाकं फाटकाजवळच्या दोन सपाट दगडांवर चढवत असू, आणि मामा बाजूला उभे राहून “हळू, लेकहो, हळू!” म्हणत. मी शाळामास्तर, सकाळी पोरांना शहाणपण शिकवायचं आणि सांजच्याला मामांची मोटार ढकलायची, असा माझा दिनक्रम होता.

मग मोटार तेल प्यायला लागली. रोज सकाळी मामा स्नान करून येत, बॉनेट उघडून तेल मोजायची सळई बाहेर ओढत, आणि सळई जवळजवळ कोरडी! मग डबा उघडून खुणेपर्यंत तेल ओतायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर मागून असा निळा धूर, की बडनेऱ्याच्या रस्त्यावर मामांची मोटार गेली हे लोकांना अर्ध्या तासाने आलं तरी कळे. मामांनी जुडीतून गॅरंटी काढली. कागद इंग्रजी, म्हणून तक्रारही इंग्रजीतच गेली पाहिजे, आणि लिहिणार मी. “लिव्ह, तुमची गाडी तेल पेते का दारू पेते?” याचं मी जमेल तेवढं सभ्य इंग्रजी करी. उलट टपाली उत्तर येई की इंजिनात दोष नाही, चालवण्यात असेल. म्हणजे तिकडेही एक वऱ्हाडी माणूस कोणाकडून तरी इंग्रजी लिहून घेत होता! पाचव्या पत्राला मामांचं डोकं फिरलं. “लिव्ह, जो मानूस मोटारीच्या कागदाले जागत नाई, त्याच्या घरी मी पोरगी कशी देऊ?” माझा हात थांबला. पण मामांपुढे नाही म्हणायची माझी काय छाती! लिहिलं, आणि टपालातही टाकलं.

मामींनी माझ्याशी बोलणं टाकलं. शांता दोन दिवसांनी एवढंच म्हणाली, “दादा, तुमाले माह्या बाबाचं इंग्रजी थोडं नरम नाई करता आलं?” मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. त्या रात्री मला झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी मोटारवाले स्वतः दारात हजर. चहाला नको म्हणाले. सोयरीक मोडायलाच आलेत, हे आम्ही ओळखलं. मामा नेमके सळई हातात धरून उभे होते. “पाहा इवाई, डोयानं पाहा! कालच भरलं व्हतं!” ते व्याह्यांना म्हणाले. मोटारवाल्यांनी सळईकडे पाहिलंच नाही. ते मोटारीच्या पायांकडे पाहत होते. “हे दगड काहून?”

“काहून म्हंजे? बैल सोडल्यावर दमनीचं जू भुईवर टेकवता का तुमी? खाली लाकूड देता ना? हिची बी मान वर नको का रातभर?”

मोटारवाले मटकन दगडापाशीच बसले. मग उठून त्यांनी मोटार खाली घ्यायला लावली. सपाट जागेवर थोडा वेळ थांबले आणि सळई घातली. तेल खुणेच्या चार बोटं वर! नाक वर असलं की तेल सगळं मागे धावे, पुढची सळई कोरडी निघे, आणि मामा रोज नवं ओतत. जास्तीचं सगळं धूर होऊन जाई.

कोणी हसलं नाही. मामांचं तोंड एवढंसं झालेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मग ते म्हणाले, “मंग कागदात लिवाले पाह्यजे व्हतं का नाई, का गाडीले दगडावर चढवू नका?” मोटारवाल्यांनी खिशातून पेन काढलं, गॅरंटीवर खाली तेवढं वाक्य लिहिलं, सही केली आणि म्हणाले, “आता चहा आना.” मामी आत जाऊन रडल्या. मी सुटकेने असा श्वास टाकला की काय सांगू!

लग्न अकोल्याला थाटात झालं. निरोपाच्या वेळी मोटारवाल्यांनी सगळ्यांदेखत एक कागद काढून वाचून दाखवला. सुनेला पोटच्या पोरीसारखं सांभाळीन, गॅरंटी जन्माची, असं सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं. मांडव हसला. मामांनी कागद घेतला, न वाचता घडी केली आणि व्याह्यांच्या खिशात परत सरकवला.

“मोटारीले तोंड नाई, म्हनून तिचा कागद लागते, इवाई. माही पोरगी मले सांगन.”

आणि हा कागदबहाद्दर माणूस लहान पोरासारखा रडला.

त्या मोटारीचं पुढे भंगार झालं. दगड अजून फाटकाजवळ आहेत. मामा म्हातारपणी रोज दुपारी त्यातल्याच एकावर बसून टपालवाल्याची वाट पाहत. डोळे अधू झालेले, म्हणून शांतेचं पत्र आलं की मला हाक मारत, शेवटपर्यंत वाचून घेत, आणि विचारत, “तक्रार नाई ना काई?”

“नाही, मामा.”

“पाह्य,” ते म्हणत, “आन कागद बी नवता.”