सिनेमा गेल्यानंतरचं परीक्षण

परीक्षणकाका ज्या सिनेमाबद्दल बोलायचे, तो इथे कोणालाच बघता यायचा नाही. नेदरलँड्समधल्या आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनला मराठी सिनेमा यायचा रविवारी सकाळी, भाड्याच्या हॉलमध्ये, एका खेळापुरता. काकांचं परीक्षण स्थानिक वाहिनीवर लागायचं बुधवारी. तरी मराठी घरं ते चुकवत नसत. आपल्याला सिनेमा आवडला की नाही, हे बुधवारीच कळायचं.

मी त्या कार्यक्रमाचा कॅमेरामन, संकलक आणि निर्माता. एरवी स्लोटरडाइकच्या ऑफिसात सॉफ्टवेअर, सोमवारी संध्याकाळी काका.

पडद्यावरचं शेवटचं नाव सरकून जाईपर्यंत काका उठत नसत. हॉलचा डच माणूस झाडू घेऊन दारात उभा असायचा. मी म्हणायचो, "चला काका, तो खोळंबलाय."

"खोळंबू दे. त्याचं नाव असतं, तर तोही बसला असता."

सिनेमाला ते सरळ वाईट म्हणत नसत. "दिग्दर्शकाची तब्येत बरी नसावी," म्हणायचे. एका नायकाबद्दल एवढंच म्हणाले, "शर्ट फार चांगले होते." 'आवर्जून बघा' मात्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा. मग आम्ही पुण्याला फोन करून आईवडिलांना थिएटरात पिटाळायचो.

पुढे लोकांना बुधवारपर्यंत दम निघेना. हॉलबाहेर सायकलचं कुलूप काढेपर्यंत मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तारे पडलेले असायचे. अर्ध्या तासाचा कार्यक्रम दहा मिनिटांवर आला. त्यातच एका सिनेमाची तिकिटं खपेनात. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "काकांकडून आधीच दोन शब्द घे ना."

"न बघता?" काका म्हणाले. "मग ज्योतिषी बसव की."

काका कायम तोच तपकिरी स्वेटर घालायचे, त्यामुळे जोड दिसला नाही. जुन्या भागातलं 'आवर्जून बघा' मी नव्या पोस्टरला चिकटवलं आणि ग्रुपवर टाकलं. काका ग्रुपवर नव्हते. हॉल भरला. सिनेमात शर्टसुद्धा बरे नव्हते.

मध्यंतरात एक वहिनी समोशाची प्लेट घेऊन आल्या. "काका, तुमचा शब्द म्हणून सासूसासऱ्यांना आणलं हो." त्यांनी फोन पुढे केला. काकांनी स्वतःला नीट ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कुठलं रे?"

"चुकून जुनी क्लिप गेली, काका."

"चुकून," ते म्हणाले, आणि आत जाऊन शेवटच्या नावापर्यंत बसले.

सोमवारी ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "न बघितलेल्या सिनेमाला मी आवर्जून बघा म्हणालो. परीक्षकाने असं करू नये. मी थांबतो." मग मला विचारलं, "बरोबर आलं ना?"

"छान आलं, काका."

त्यातला एक शब्दही मी कापला नाही. इतकं प्रामाणिक संकलन मी आधी कधी केलं नव्हतं. पुढच्या बुधवारपासून त्या वेळेला ट्रेलर लागू लागले.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "चूक कोणाकडून होत नाही? काकांनी ती कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा." माना डोलल्या. मी प्रोजेक्टरशी उभा होतो, माझीही डोलली. सभा संपल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. "खरंच न बघता म्हणाले होते का रे? घरी कधी काही बोलले नाहीत."

मी म्हणालो, "हो, काकू."

नाही, काकू. बघितल्याशिवाय ते कधीच काही म्हणाले नाहीत. ते मी केलं होतं.