बोगनवेलीची साफसफाई

नागपूरहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि सकाळी भोपाळला उतरले. फेब्रुवारी असूनही हवेत गारठा होता. रिक्षावाल्याला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जायचं म्हणून सांगितलं.

"फूलों की नुमाइश (प्रदर्शन) देखने, दीदी?"

"भावाकडे," मी म्हटलं. पण प्रदर्शनही बघायचं होतंच.

फाटक ओलांडलं की सरळ रस्ते, एकसारखे पिवळे क्वार्टर आणि प्रत्येकापुढे बाग. इथे कुणाचं घर विचारलं की फूल सांगतात. दादाचं घर विचारलं तेव्हा चौकीदार म्हणाला, "गुलदाउदी (शेवंती) वाले वर्माजी के आगे."

दादा मार्चमध्ये निवृत्त होणार. मग शहराच्या टोकाला, मिसरोदला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. त्यामुळे वहिनीचं हे शेवटचं प्रदर्शन. कुंडीतल्या बोगनवेलीच्या गटात तिला आजवर उत्तेजनार्थच मिळालेलं.

"या वेळी पहिलं घेऊनच जाईन इथून, शोभा," पोह्यांवर शेव टाकत ती म्हणाली. बशीत पोह्यांशेजारी जिलबी होती. इथे न्याहारीला ती लागतेच.

हात धुऊन अंगणात गेले, तर वहिनी भुवयांचा चिमटा घेऊन राणी रंगाच्या वेलीपुढे बसलेली. एकेक पांढरी नळी खुडून वर्तमानपत्रावर टाकत होती.

"काय काढताय?"

"कचरा गं. हे वाळलं की डाग दिसतात. क्वार्टरांच्या या सगळ्या लाइनला मीच शिकवलंय. एक शेजारची दुबे भाभी तेवढी आळशी, हातसुद्धा लावत नाही."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. एक नळी उचलून नखाने उभी चिरली. "हे बघा पुंकेसर. ही कुक्षी, इथे पराग पडतात. म्हणजे हे अख्खं फूल झालं. हा राणी रंग पाकळ्यांचा नाहीच. हे छद, फुलाला चिकटून येणारी रंगीत पानं."

वहिनी वर्तमानपत्रावरच्या ढिगाकडे बघत राहिली. "म्हणजे मी फुलं तोडून फुलांच्या प्रदर्शनाला जाते?"

"हो."

"दर वर्षी?"

दादा पेपर वाचता वाचता म्हणाला, "अजून न खुडलेली बाजू पुढे कर."

कुंडी हातगाडीवरून मंडपात गेली. तिथे एका रांगेत आमच्या लाइनच्या बोगनवेली उभ्या होत्या, दुबे भाभींची सोडून बाकी लख्ख साफ केलेल्या. परीक्षक बाई भिंग घेऊन एकेका कुंडीपुढे वाकत होत्या आणि कपाळाला आठ्या घालत होत्या. वहिनीच्या कुंडीपाशी त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी कुंडी फिरवली.

"इधर के फूल कहाँ गए?"

वहिनी गप्प राहू शकली असती. "मैंने तोड़े, मैडम. कचरा समझकर. बाकी सबने भी मुझसे ही सीखा. उनके नंबर मत काटिए."

मग दुबे भाभीच आधी फिसकन हसल्या.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. वहिनीला पुन्हा उत्तेजनार्थ. तिने त्यांची पाठ थोपटली. "लो, आलस का इनाम!"

"आपकी इतनी डाँट खाई, दीदी, फिर भी नहीं सुधरी मैं!"

दुसऱ्या दिवशी गाडीत बसवताना वहिनी म्हणाली, "तुझ्या शाळेतल्या मुलांना सांग हे. खुशाल माझं नाव घेऊन सांग."

फूल शिकवताना आम्ही वर्गात जास्वंद नेतो, कारण तिचे सगळे भाग मोठे आणि सरळ दिसणारे. यंदा बोगनवेल नेणार आहे. आधी काहीच सांगणार नाही. यातलं फूल दाखवा, एवढंच म्हणेन. मुलं रंगावर बोट ठेवतील, तेव्हा वहिनीचं नाव घेईन.