भाषणात गाळलेलं वाक्य

माझं काम जरा विचित्र आहे. काजव्याच्या पोटात ज्या प्रथिनामुळे उजेड पडतो, ते बनवणारं जनुक मी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींमध्ये घालते. मग त्या पेशी उंदराच्या अंगात सोडायच्या, त्याला तो उजेड चेतवणारं एक औषध टोचायचं, अंधाऱ्या पेटीत ठेवायचं आणि कॅमेऱ्यातून बघायचं. गाठ कुठे वाढते आहे ते उंदराला न कापता दिसतं. उंदीर जिवंत, पेशीही जिवंत. पण उजेड दिसतो तो आम्ही आधी घातलेला असतो म्हणून. आपोआप झालेली गाठ अशी चमकत नाही, ना उंदराची, ना माणसाची.

हे शेवटचं मी देवळाली प्रवरात सांगितलं नाही.

तिथल्या माझ्या जुन्या शाळेने सत्कार ठेवला होता. मंडप, शाल, नारळ, सगळं यथासांग. समोर निम्मं गाव. मला टाळ्या फार आवडतात, कबूल करते. उंदीर काही टाळ्या वाजवत नाहीत. "आता गाठ बघायला चिरफाड नको, सुई नको, नुसत्या उजेडात दिसते," असं मी म्हटलं आणि मंडप दणाणला. त्यानंतर 'पण' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. भाषण तिथेच संपवलं.

खाली उतरल्यावर धाकटी चुलती भेटली. आई पहाटेच उसाच्या रानात जायची, तेव्हा माझ्या वेण्या हीच घालायची. माझा हात धरून ती म्हणाली, "पोरी, मान्साचं बी आसंच दिसंल का गं? न कापता?"

"दिसेल की, काकू. थांब थोडे दिवस," मी म्हणाले. फोटोवाला हाका मारत होता. तिच्या तोंडाकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही.

तिच्या छातीत गाठ होती. राहुरीच्या डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. आमच्याकडे बायकांच्या मनात एक पक्कं बसलेलं आहे, गाठीला सुई लागली की ती खवळते आणि अंगभर पसरते. शेजारणी, नणंदा, सगळ्या तिला तेच ऐकवत होत्या. तरी ती मनाचा हिय्या करून तयार झाली होती, जायचा दिवसही ठरला होता. माझं भाषण ऐकून आली आणि तिने जाणं रद्द केलं. "आपली पोरगीच म्हनली, सुई नको," असं घरात सांगत राहिली.

हे मला वर्षभराने, तिच्या मुलीकडून कळलं. तोवर गाठ फुटली होती आणि काकूला नगरच्या दवाखान्यात आणलं होतं. मी तिथे पोचले. मला फोन का नाही केलास, म्हणून मी त्या बहिणीवरच खेकसले. चूक माझी आणि आवाजही माझाच मोठा, या गोष्टीची मला आजही शरम वाटते. ती शांतपणे म्हणाली, "आईच करू देत नव्हती. तिच्या कामात खोळंबा नको, यंत्र झालं की ती सोताच बोलावील, म्हनायची."

तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. मी काय काम करते हे बहिणीने सांगितल्यावर त्यांनी कौतुकाने दोन प्रश्न विचारले, आणि मीही उत्तरं दिली. मग त्यांनी राहुरीचा जुना कागद वाचला. त्यांचा चेहरा बदलला.

"तेव्हाच तपासून घेतलं असतं तर बरंच काही करता आलं असतं, मावशी. कोणी अडवलं तुम्हाला?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. पण आत्ताच मिळालेलं ते चार शब्दांचं कौतुक मला सोडवेना.

"कुनी न्हाई, बाई," काकू म्हणाली. "मीच भ्याले सुईला."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर याच विषयातल्या. तुम्ही नाही समजावलं यांना?"

"तिनं लई समजावलं वो," काकू घाईघाईने म्हणाली. "मीच अडानी, ऐकलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि ते कागदावर लिहून घेतलं. मी लिहू दिलं.