आयुधपूजेनंतरची चाचणी

मला मुळात स्वस्थ बसता येत नाही. त्या नवरात्रात तर मी मल्लेश्वरमच्या घरी उभ्याउभ्याच जेवत होते आणि राजाजीनगरच्या आमच्या शेडमध्ये खुर्चीत पाच मिनिटं टिकत नव्हते. अण्णांची भाषा वाचवायची होती, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

आमची कंपनी कॉफीच्या बिया निवडणारी यंत्रं बनवते. बी वरून पडते, कॅमेरा तिचा रंग बघतो, काळी असेल तर हवेचा फवारा तिला बाजूला उडवतो. किती काळी म्हणजे काळी, हे यंत्र चालवणारा माणूस स्वतः ठरवतो आणि चार ओळींत लिहितो. त्या ओळी ज्या छोट्याशा भाषेत लिहायच्या, ती कंपनीतले माझे ज्येष्ठ सहकारी अण्णा यांनी बारा वर्षांपूर्वी एकट्यानं रचली. अण्णा पिढ्यानपिढ्या बेंगळुरातच राहिलेल्या मराठी घरातले. माझी पुणेरी घाई बघून 'स्वल्प थांब की' म्हणायचे.

नवं यंत्र दुप्पट वेगाचं होतं. अण्णांचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या ओळी वाचून यंत्राला समजावणारा प्रोग्रॅम, प्रत्येक बीसाठी त्याच चार ओळी पहिल्यापासून वाचायचा, तोवर बी निघून गेलेली असायची. कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं, पूजेनंतरच्या चाचणीत वेग आला नाही तर ही भाषा बंद; नियम इथूनच पक्के करून देऊ. म्हणून मी जिट, म्हणजे आयत्या वेळी भाषांतर करणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला. त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा चालताहेत असं दिसलं की चालता चालताच त्यांचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करून ठेवायचं. त्यात एक गृहीत धरावं लागतं, की रंगाच्या जागी आकडाच येणार. तो आकडाच आहे ना, हे दर वेळी तपासायला एक गार्ड लागतो. नसला तर मुकाट जुन्या इंटरप्रिटरकडे परत जायचं. कारण अण्णांच्या भाषेत कॅमेरा 'दिसलं नाही' असंही उत्तर देऊ शकायचा.

गार्ड ठेवला की वेग जरासा कमी पडायचा. जरासाच, मेला! डोकं उठलं माझं. महिनाभराच्या चाचण्यांत 'दिसलं नाही' एकदाही आलं नव्हतं, कारण आम्ही कॅमेऱ्याची काच तासातासाला पुसत होतो. मी गार्ड काढून टाकला. वेग आला, आणि त्या दिवशी मी दोन डोसे खाल्ले, तेही बसून.

आयुधपूजेला इथे लॉरीपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. अण्णांनी नव्या यंत्राला झेंडूची माळ घातली आणि कॅमेऱ्याच्या पेटीवर सढळ हातानं कुंकू लावलं. सुट्टीनंतर साहेबांसमोर यंत्र सुरू केलं, तर चांगल्या हिरवट बिया धडाधड टाकाऊच्या पेटीत. चिमूटभर कुंकू काचेवर सांडलं होतं. तेवढ्या पट्ट्यात कॅमेरा 'दिसलं नाही' म्हणत होता आणि माझा कोड त्यालाच आकडा समजून बी काळी ठरवत होता.

साहेबांनी काचेवरून बोट फिरवलं आणि ते लाल बोट अण्णांपुढे धरलं. अण्णा मान खाली घालून म्हणाले, चूक माझी. मी तिथेच उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आजही लिहिताना लाज वाटते.

साहेब तसे समजूतदार. काच पुसा, उद्या पुन्हा घेऊ, म्हणाले. म्हणजे मी गप्प राहिले तर भाषा वाचत होती. घरी जाताना मेट्रोत एक स्टेशन पुढे गेले, उतरून उलटी चालत आले, मग घरासमोरून दोनदा पुढे गेले. मळ्याच्या धुळीत तासातासाला काच कोण पुसणार होतं? आणि अण्णांनी मान का खाली घालायची? स्वतःचाच असा राग आला की विचारू नका.

सकाळी चाचणीआधी साहेबांना सगळं सांगितलं आणि गार्ड परत घातला. बिया बरोबर निवडल्या जात होत्या, पण दर थोड्या वेळानं एखादी काळी बी फवाऱ्याच्या आधीच निसटत होती. साहेबांनी दहा मिनिटं बघितलं आणि भाषा बंद केली.

अण्णा माळ उतरवत होते. मी माफी मागायला गेले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तू पाठवलेला बदल मीच तपासला होता गं. गार्ड काढलेला दिसला मला. सरी, ठीक आहे म्हणून मंजूर केला."

मग काल का बोलला नाहीत, एवढंच कसंबसं विचारलं.

"दोष कुंकवावर जाऊन निभावलं असतं ना," ते म्हणाले. "काल संध्याकाळपासून देवाकडे एकच मागत होतो, तू बोलू नयेस म्हणून."