आमच्या कॉलनीत कुणी मरत नाही

उत्तरायुष्यात माणसाला एकांताची ओढ लागते. केडगावात घर घेतलं तेव्हा हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं, आणि ते ऐकून लोक गंभीर होत. बायको होत नसे. पुण्यात तेवढ्या पैशांत आम्हाला फार तर पार्किंगची जागा मिळाली असती, हे तिला माहीत होतं.

कॉलनी पुणे रस्त्यापासून बरीच आत आहे. बिल्डरने तिला एका दरीचं इंग्रजी नाव दिलं आहे. आसपास दरी नाही, दरी पडावी असा डोंगरही नाही. प्रवेशाच्या पाटीवर कारंजं रंगवलेलं आहे आणि नळाला पाणी येतं ते दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. निम्मे प्लॉट मोकळे आहेत. त्यांवर वेड्या बाभळी वाढल्या आहेत आणि बाभळींत मालकांच्या नावाचे दगड उभे आहेत. दुपारी इतकी शांतता असते की शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की आमच्या घरात कुणीतरी गॅसकडे धावतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कानात काही बिघाड झाला. बिघाड आधी होता आणि आता तो बरा होतोय, हे कळायला महिना गेला. मग मी रात्री सलग झोपू लागलो, पुस्तकं शेवटपर्यंत वाचू लागलो. घराचा हप्ताही पगारातून गेलेला फारसा जाणवत नसे. इतकं सुख झेपेल का, अशी शंका येई.

ती शंका वडिलांनी खरी ठरवत आणली होती.

वडील श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावी राहत. आई गेल्यापासून एकटेच. ऊस वाट्याने दिलेला. मागच्या थंडीत ते न्हाणीत पाय घसरून पडले, आणि दूध घालणारी बाई येऊन हाका मारेपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून गावाकडून फोन आला की बायको हातातली पोळी तशीच ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघायची. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, आता आमच्याजवळ राहावं, एवढंच आम्हाला हवं होतं. ते म्हणाले, "येतो. पंधरा दिस."

ते आले, पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले आणि रस्त्याकडे बघू लागले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. मला त्याचंच कौतुक होतं.

"हितं मानसं ऱ्हात्यात का नुसती घरं?" त्यांनी विचारलं.

"सगळे कामाला जातात, दादा."

"आन म्हातारी?"

"ती आपापल्या गावाला असतात."

"मंग हितं मरतं कोन?"

"अजून कुणी मेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कॉलनीला रस्ताच नाही असं सांगितलं. "लई अवघड हाय," ते म्हणाले.

बायको आतून म्हणाली, "दादा, असं काय बोलता हो!"

यात दुष्टपणा नव्हता. आमच्याकडे दहावा म्हणजे नुसता विधी नसतो. सकाळी नदीकाठी मंडप पडतो, महाराजांचं प्रवचन होतं, मग माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. आणि भाषणं चालू असताना मागे बसलेली माणसं खरी कामं उरकतात. कुणाची मुलगी लग्नाची आहे, कारखान्याची ऊसतोड कुठवर आली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, हे सगळं तिथे समजतं. वडिलांनी सगळं आयुष्य दहावे केले होते. वर्तमानपत्र त्यांनी कधी घेतलं नाही, त्यांना त्याची गरजच नव्हती. इथे मात्र सगळे बाहेरून आलेले: कुणी पाथर्डीचे, कुणी जामखेडचे, कुणी पारनेरचे. घर इथे, पण मरण आणि दिवाळी गावाला. दिवाळीत आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा कंटाळतात.

पंधरा दिवस संपत आले. वडील जेवायला कमी बसू लागले आणि चपला जास्त वेळा पुसू लागले. सोमवारी सकाळच्या एसटीने जायचं त्यांनी ठरवलं. बायकोने दोनदा विषय काढला, मी एकदा आवाज चढवला. उपयोग झाला नाही. "तुमी वाईट न्हाई," ते म्हणाले. "हितं मला कायच कळत न्हाई, कुनाचं काय चाललंय ते."

रविवारी सकाळी शेजारी फाटकाशी आले. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. गेल्या पाच वर्षांत आमचं त्यांच्याशी पाण्याच्या वेळेपलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. ते जरा संकोचत म्हणाले, "बाबा, तुमच्याकडं पांढरी टोपी असंल का एखादी? साडूच्या वडिलांचा दहावा हाय, पारनेरकडं. पुढं बसावं लागंल, आन आमच्या घरात टोपीच न्हाई राहिली."

वडील उठून उभे राहिले. पंधरा दिवसांत ते इतक्या चटकन उठलेले मी पाहिले नव्हते.

"टोपी देतो," ते म्हणाले, "पन तिच्यासंगं माझं डोस्कं बी येईल."

"अहो, पण तुमची ओळख ना पाळख..."

"गेलेल्याशी वळख कशाला लागती? तो काय विचारनार हाय?"

शेजाऱ्यांकडे स्कूटर होती, म्हणून गाडी मी काढली. वडिलांनी पिशवीतली दुसरी टोपी शेजाऱ्यांना दिली आणि स्वतः पुढच्या सीटवर वराच्या बापासारखे बसले.

नदीला पाणी नव्हतं, मंडपाला झालर होती. गेलेल्या गृहस्थांचा मोठा फ्लेक्स लावला होता. फोटोत त्यांच्या मिशा खांबापासून खांबापर्यंत पोचल्या होत्या. वडील पहिल्या रांगेत बसले आणि लगेच डाव्या बाजूच्या माणसाशी कुजबुजू लागले. मी मागे उभा राहिलो.

भाषणं सुरू झाली. तिसरे वक्ते म्हणजे पुढच्या निवडणुकीचे एक इच्छुक. सकाळपासून त्यांचा हा कितवा दहावा होता कोण जाणे. त्यांच्या गाडीचं इंजिनही बंद केलेलं नव्हतं. त्यांनी माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि सांगितलं, "आज एक माउली आपल्यातून गेली. त्या माउलीचा पदर म्हणजे साऱ्या गावाची सावली होती."

मंडपात कुणी हललं नाही. मिशा मागून बघत होत्या. कार्यकर्त्याने इच्छुकांचा सदरा ओढला. त्यांना वाटलं, भाषण रंगलंय असं तो सांगतोय. त्यांनी आवाज चढवला आणि माउलीच्या हातच्या भाकरीपर्यंत गेले. गेलेल्यांचा मोठा मुलगा मुंडन केलेलं डोकं खाली घालून वाळूत बोट फिरवत होता. हसावं तर पाप, न हसावं तर जीव जातोय, अशी दोनेकशे माणसं मी एकत्र कधी पाहिली नव्हती.

इच्छुक नमस्कार करून गाडीकडे गेले. सूत्रसंचालकाला घाम फुटला होता. त्याला पहिल्या रांगेत एक अनोळखी, वयस्क, कडक टोपीतला माणूस दिसला आणि बाजूला गाव विचारून त्याने आधार सापडल्यासारखं जाहीर केलं, "केडगावहून खास आलेले बाबा दोन शब्द बोलतील."

वडील उठले. माईक त्यांनी तोंडापासून जरा लांबच धरला.

"साहेब आईबद्दल बोलले," ते म्हणाले. "चुकलं न्हाई. पोरं ल्हान होती तवाच ह्यांची मालकीन गेली, आसं मला आत्ता हितं बसल्याबसल्या कळलं. दुसरं लग्न केलं न्हाई. पोरींच्या येन्या घातल्या, भाकरी थापल्या, वर त्या मिशा संबाळल्या. येवढं सगळं एकट्यानं करायचं म्हंजी सोपं न्हाई. मला म्हाईत हाय. ऊन झालंय, बसतो."

लोक हसले. तो मुलगाही हसला आणि मग मोकळेपणी रडला. आता दोन्ही करायला हरकत नव्हती.

परत येताना वडील थांबत नव्हते. "तो डाव्या बाजूचा मानूस तुमच्या गल्लीतल्या मास्तरचा मामा हाय. मास्तरच्या बहिनीला पोरगं बघत्यात. कोपऱ्यावरच्या घराचं बांधकाम का थांबलंय, म्हाईत हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षांत ते विचारावं असंही वाटलं नव्हतं. आपण शांत आहोत असं मी समजत होतो. शक्यता अशीही होती की मी नुसता कुणाला भेटत नव्हतो.

शेजारी मागच्या सीटवरून म्हणाले, "बाबा, पुढच्या बुधवारी आमच्या मामेभावाच्या सासूचा हाय. येताल ना?"

"कुठं?"

"जामखेड."

"गाडी कवा निघनार?"

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. काही बोललो तर ते सोमवारची आठवण काढतील, अशी भीती वाटली. घरी आल्यावर बायकोला खुणेने सांगितलं, वडील थांबतायत. ती आत गेली आणि बराच वेळ तिने नळ उगाच चालू ठेवला. त्या दिवशी पाण्याचा दिवस होता म्हणून चाललं.

सोमवारची एसटी वडिलांशिवाय गेली. हळूहळू कॉलनीत बातमी पसरली की चौथ्या गल्लीत एक म्हातारे आहेत, थोडक्यात बोलतात. हा गुण आमच्या जिल्ह्यात दुर्मिळ आहे. आता कुणाच्या गावी काही झालं की कॉलनीतर्फे वडील जातात, आणि त्यांच्याबरोबर गाडीत बसलेली माणसं येताना एकमेकांची नावं घेऊन बोलतात. संध्याकाळी आमच्या पोर्चमध्ये एकदोघं तरी असतात. दुपारची शांतता मात्र तशीच आहे, कारण दुपारी वडील झोपतात. गावाकडून फोन येतो तेव्हा बायको पोळी लाटत राहते; उचलायला वडीलच असतात.

कधीकधी संध्याकाळी बाभळींकडे बघताना मला वाटतं की माणूस जमिनीत रुजत नाही, दुसऱ्यांच्या सुखदुःखात रुजतो, आणि म्हातारपणीसुद्धा त्याला नवी पालवी फुटू शकते. यावर काही सविस्तर लिहावं असा विचार आहे. वडिलांना मी हे सांगणार होतो, पण ते सकाळीच श्रीरामपूरकडे गेले आहेत. जेवायला नाहीत, म्हणून आज खिचडी केली आहे.